साधन आणि शिक्षक



वर्गात नवे यंत्र आले म्हणजे त्या यंत्राचीच चर्चा फार होते. ते किती वेगाने चालते, त्याला किंमत किती पडली, त्याच्या योगाने मुले किती लवकर शिकतील, ह्या गोष्टी लोक आवडीने बोलतात. ज्याच्या हाती ते जावयाचे त्या शिक्षकाची विचारपूस बहुधा शेवटी होते, आणि तीही तक्रारीच्या स्वरात. शिक्षक नव्या गोष्टीला भितात, त्यांना बदल नको असतो, असे सांगण्यात येते. सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने हाच सूर पुन्हा कानी येत आहे. तेव्हा हा आरोप इतिहासाच्या कसोटीला लावून पाहावा, असे आम्ही योजिले आहे. गेल्या दोनशे वर्षांत छापील पुस्तकापासून संगणकापर्यंत अनेक साधने शाळेत आली. त्यांपैकी काही शिक्षकाच्या अंगवळणी पडली. काही कपाटात पडून राहिली. असे का झाले ह्याचा शोध घेतला, तर शिक्षकाला आत्मविश्वास कशाने येतो हे कळेल आणि आज काय करावयास पाहिजे हेही उमगेल.

प्रारंभ आपल्याच प्रांतापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गावोगावच्या शाळा पंतोजी चालवीत. छापलेले पुस्तक तेथे नव्हते. मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी, पावकी-निमकी मोठ्याने म्हणे, मोडी लिहावयास आणि जमाखर्च मांडावयास शिके आणि व्यवहाराला लागे. ह्या पंतोजींना तोंडी हिशेबात हरविणे कठीण होते. १८२२ साली मुंबईत देशी शाळांसाठी व शाळापुस्तकांसाठी एक संस्था निघाली. तिलाच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव मिळाले. तिच्या समितीने परिस्थितीची पाहणी करून १८२३ साली चार उणिवा सांगितल्या. पुस्तके नाहीत, शिकविण्याची सुलभ पद्धत नाही, योग्य शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. पुस्तकांचा अभाव हीच पहिली व मुख्य उणीव तिने मानली होती.

परंतु संस्थेचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांनी पुस्तकांची भाषांतरे करवून व शिळाप्रेसवर ती छापून समाधान मानले नाही. पुस्तकांबरोबर माणसेही तयार करावयास त्यांनी घेतली. १८२६ साली अशा शिकविलेल्या २४ शिक्षकांची पहिली तुकडी जिल्ह्याजिल्ह्यांच्या शाळांवर रवाना झाली. छापील पुस्तक हे त्या काळचे नवे यंत्रच होते. ते ज्यांना आधी स्वतः शिकावयास मिळाले, अशांच्या हातून ते गावी पोचले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे १८४५ साली मुंबईस शिक्षक तयार करण्याचा स्वतंत्र वर्ग निघाला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाकडे देण्यात आली. त्या काळच्या सर्वोत्तम बुद्धीला शिक्षकांचा शिक्षक होणे कमीपणाचे वाटले नाही.

त्या संस्थेने पुरस्कारिलेल्या अध्यापनपद्धतीची हकीकतही बोधप्रद आहे. मद्रासच्या सैनिकी अनाथालयात असताना अँड्र्यू बेल ह्यांनी देशी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. ती युक्ती आपल्या शाळेत आणावी म्हणून त्यांनी मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकविण्याचा उपक्रम केला आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. जोसेफ लँकेस्टर ह्यांनीही तशीच पद्धत चालविली, आणि ती फिरून मुंबईस आली ती विलायती पद्धत म्हणून! ज्या पंतोजींच्या अंगणात वाळूची पाटी होती, त्यांनाच ती परक्याचे ज्ञान म्हणून शिकावी लागली. शिक्षकाच्या जवळचे ज्ञान त्याचे आहे हे मान्य न करता वरून आणलेली वस्तू त्याच्या डोक्यावर ठेवावयाची, ह्या प्रघाताचा उगम इतका जुना आहे.

विसाव्या शतकात यंत्रांचे पर्व सुरू झाले आणि त्याबरोबर भाकितांचेही. १९१३ साली एडिसनसारख्या थोर संशोधकाने सांगून टाकले की, चलच्चित्रांमुळे शाळेतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि दहा वर्षांत शाळेचे रूप पालटेल. दहा वर्षे गेली, शंभरही गेली. पुस्तक शाळेत आहेच. मागाहून रेडिओ आला, दूरदर्शन आले, १९५० नंतरच्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनर ह्यांचे अध्यापनयंत्र आले. लॅरी क्यूबन ह्या अमेरिकन इतिहासकाराने १९८६ साली शिक्षक आणि यंत्रे ह्या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हा क्रम पुनःपुन्हा आढळतो. प्रथम मोठ्या आशा, मग उपयोग फारसा होत नसल्याचा शोध, आणि शेवटी दोष शिक्षकाच्या माथी. शिक्षकाच्या वर्गात चाळीस मुले, ठरलेला तास, ठरलेला अभ्यासक्रम आणि वर्षअखेरची परीक्षा असते. ह्या चौकटीत जे साधन बसते तेच तो उचलतो, इतकी साधी गोष्ट भाकीत करणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही. फळा मात्र सर्वत्र टिकला. तो शिक्षकाच्या इच्छेप्रमाणे चालतो, बिघडत नाही, आणि त्यावर काय लिहावयाचे ते शिक्षकच ठरवितो.

आता दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहू. पहिला प्रशांत महासागरातील अमेरिकन सामोआ बेटांवरचा. तेथील गव्हर्नर रेक्स ली ह्यांनी शाळा सुधारण्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणून दूरदर्शन निवडले. १९६४ साली दूरदर्शनवरून पाठ सुरू झाले. मध्यवर्ती स्टुडिओत अमेरिकेहून आणलेले शिक्षक धडा देत, आणि गावच्या शाळेतील सामोअन शिक्षकाने पडद्यावरील धडा संपल्यावर उजळणी घ्यावी अशी वाटणी होती. मुख्य शिक्षक पडद्यात, वर्गातला माणूस त्याचा मदतनीस! पैशाची कमतरता नव्हती, यंत्रसामग्री उत्तम होती, हेतूही वाईट नव्हता. तरीपण सुरुवातीचा भर ओसरला. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना पडद्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चालणे जाचू लागले, आणि १९७० नंतरच्या दशकात दूरदर्शनचे स्थान आकुंचित होत होत पूरक साधनाएवढे उरले. विल्बर श्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ह्या धाडसी प्रयोगाचा सविस्तर इतिहास लिहून ठेवला आहे.

दुसरा प्रयोग आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातला. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञान प्रयोगातून शिकविण्याचा उपक्रम हाती घेतला. हा जिल्हा आता नर्मदापुरम् ह्या नावाने ओळखला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्याच्या पाठीशी उभे राहिले. साहित्य स्वस्त होते. परंतु आम्हांला त्यातील शिक्षकांची तयारी अधिक मोलाची वाटते. उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षक तीन आठवडे एकत्र येत आणि मुलांनी करावयाचे सारे प्रयोग आधी आपल्या हाताने करीत. प्रयोग फसला तर का फसला ह्यावर वाद घालीत. वर्ष सुरू झाले की दरमहा बैठक होई. वर्गात काय अडले ते तेथे मांडले जाई, आणि अडचण पाहावयास माणूस शाळेत येई. शिक्षकांच्या अनुभवाप्रमाणे पाठ्यपुस्तक दुरुस्त होई. अनेक शिक्षक विज्ञानाचे पदवीधर नव्हते. प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर ‘चला, करून पाहू’ असे मुलांना म्हणण्याचे धैर्य त्यांना आले, ही ह्या उपक्रमाची खरी मिळकत होय. १९७८ साली तो जिल्हाभर पसरला, १९८२ पासून एकलव्य ह्या संस्थेने चालविला आणि २००२ साली सरकारी निर्णयाने बंद झाला. तो बंद पडला तो वर्गातील शिक्षक कंटाळले म्हणून नव्हे.

ह्यावरून कोणी म्हणेल की, स्वस्त साधन टिकते आणि महाग बुडते. पण हा निष्कर्ष घाईचा होईल. कारण त्याच काळात भारतात एक अतिशय महाग साधन शिक्षकांच्या तयारीसाठी योग्य रीतीने वापरले गेले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचविण्यात आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे तेव्हाचे संचालक प्रा. यशपाल हे होशंगाबादच्या उपक्रमाशीही जवळून संबंधित होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षकांना बारा दिवसांचे विज्ञानशिक्षण देण्यात आले. पडद्यावरील पाठाला रेडिओची, छापील मार्गदर्शिकेची आणि हाताने करावयाच्या प्रयोगांची जोड दिली होती. प्रत्येक ठिकाणी चर्चा चालविण्यास एक माणूसही नेमला होता. यंत्र आकाशातले, पण काम शिक्षकांच्या हातचे. साधनाची किंमत किती हा प्रश्न दुय्यम आहे. ते आल्यावर शिक्षक काय करतो, स्वतः करतो की बघत बसतो, ह्यावर निकाल लागतो.

संगणकाचा इतिहास हेच सांगतो. १९८४ साली भारत सरकारने ‘क्लास’ नावाची योजना सुरू करून सुमारे २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले. शिक्षकांस अल्प मुदतीचे शिक्षणही दिले. परंतु संगणकाला बहुतेक ठिकाणी वेगळी खोली आणि वेगळा तास मिळाला; भूगोलाच्या किंवा गणिताच्या शिक्षकाच्या रोजच्या कामाशी त्याचे नाते क्वचितच जडले. खुद्द इंग्लंडातही १९९९ पासून शिक्षकांच्या संगणकशिक्षणावर लॉटरीच्या निधीतून २३ कोटी पौंड खर्च झाले. पैकी बराच भाग शिक्षकाने आपल्या फावल्या वेळात, दुरून पाठविलेल्या साहित्यावरून शिकावयाचा होता. तेथील शाळा-तपासणी खात्याने ह्या शिक्षणाच्या एकंदर परिणामाबद्दल प्रतिकूल मत दिले. बटणे कोणती दाबावीत हे शिक्षक शिकले. उद्याच्या तासाला त्याचा उपयोग काय, हे अनेकांना कळले नाही.

महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास बालचित्रवाणी निघाली. मराठी मुलांसाठी तिने पुष्कळ कार्यक्रम तयार केले, आणि २०१७ साली ती बंद करण्यात आली. तिच्या उतरत्या काळात खेड्यापाड्यांतील शिक्षक मात्र स्वस्थ नव्हते. २०१५ च्या सुमारास अनेक जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांनी लोकवर्गणीतून पडदे, संगणक, टॅब्लेट मिळविले, स्वतः चित्रफिती बनविल्या आणि एकमेकांना दाखविल्या. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडाची जोड दिली आणि कानडी घरातल्या मुलांना कळावे म्हणून धडे त्यांच्या भाषेत नेले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ही युक्ती कोणा कंपनीच्या दालनात निघालेली नव्हती. समोर बसलेल्या मुलाला अडले काय, हे पाहणाऱ्या शिक्षकाला ती सुचली. मग २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या आणि प्रत्येक शिक्षकाला मोबाइलवरून शिकविणे भाग पडले. यंत्राला न भिणारे शिक्षक किती आहेत ते तेव्हा दिसले. आणि ज्याच्या घरी फोनच नाही त्या मुलापर्यंत कोणतेही यंत्र पोचत नाही, हेही दिसले.

अशा पूर्वपीठिकेवर कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांस खुले झाले. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शाळाखात्याने त्यावर बंदी घातली आणि मे महिन्यात ती उठविली. चार महिन्यांत दोन्ही टोके गाठली गेली! युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षणक्षेत्रासाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आणि २०२४ साली शिक्षकांना कोणत्या क्षमता असाव्यात ह्याचा आराखडा मांडला. त्यात १५ क्षमता पाच अंगांत व तीन पायऱ्यांत वाटल्या आहेत, आणि पहिले अंग माणूस केंद्रस्थानी ठेवणारी दृष्टी हे आहे. यंत्र चालविण्याचे कसब त्यानंतर येते. हा क्रम आम्हांला योग्य वाटतो.

ह्या नव्या साधनात आणि जुन्या साधनांत एक मोठा फरक आहे. चित्रपट सर्वांना तेच सांगे. हे यंत्र विचारल्याप्रमाणे उत्तर देते. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ह्याचा हिशेब करून ते वाक्ये जुळविते. त्यामुळे त्याची भाषा सफाईदार असते आणि चूकही त्याच सफाईने होते. चुकताना ते अडखळत नाही. जगातील मजकुरात मराठीचा वाटा थोडा असल्यामुळे आपल्या गावाविषयी, आपल्या इतिहासाविषयी विचारल्यास ते घसरण्याचा संभव वाढतो. म्हणून शिक्षकाला दुहेरी धाक वाटतो. मुलांसमोर आपण यंत्रापेक्षा कमी ठरू हा एक, आणि यंत्राने सांगितलेले चूक आपल्या तोंडून मुलांपर्यंत जाईल हा दुसरा. हा धाक हास्यास्पद नाही. जबाबदारी ओळखणाऱ्याला तो वाटलाच पाहिजे.

तो कमी कसा होईल? होशंगाबादचा धडा येथे लागू करता येतो. शिक्षकाला यंत्राची पहिली भेट अशा विषयात घडवावी, ज्यात तो स्वतः जाणकार आहे. त्याने आपल्या तालुक्यातील नद्यांविषयी, आपल्या गावच्या पिकांविषयी, वीस वर्षे शिकविलेल्या धड्याविषयी यंत्राला विचारावे, आलेला मजकूर कागदावर उतरवून घ्यावा आणि मुलाची वही तपासतो तशी लाल शाईने त्याची तपासणी करावी. बरोबर तेथे खूण, चूक तेथे गोल. एका केंद्रातील दहा शिक्षकांनी असे कागद एकमेकांना दाखविले, तर यंत्र कोठे भरवशाचे आणि कोठे बेभरवशाचे हे एका दुपारी कळेल, आणि तपासणारा कोण व तपासला जाणारा कोण हेही मनात पक्के होईल.

त्यानंतर उपयोगाचा प्रश्न. समजा, तिसरीतील एका मुलाने ५२ मधून २७ वजा करून ३५ उत्तर काढले. नवखा माणूस ते चूक म्हणून सोडून देईल. अनुभवी शिक्षक ओळखतो की, मुलाने वरचा आकडा लहान दिसताच सात उणे दोन केले आहेत. त्याला दशक मोडून एकक घेणे कळलेले नाही. ही चूक उघडी पाडणारी दहा उदाहरणे यंत्राकडून मागविता येतात. दोन शिक्षकांच्या शाळेत एका खोलीत तीन इयत्ता बसतात. तेथे प्रत्येक इयत्तेसाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढण्याचे कष्ट यंत्राने वाचविले तर शिक्षक त्याला नाही म्हणणार नाही. मात्र चूक ओळखण्याचे काम शिक्षकाचे, उदाहरणे पारखून घेण्याचेही त्याचेच. मुलांची नावे, गुण, घरची परिस्थिती ही माहिती यंत्राच्या हवाली करू नये, हेही ह्याच शिक्षणात सांगावयास हवे.

अशा तयारीला वेळ लागतो, आणि तो कामाच्या दिवसातून मिळाला पाहिजे. इंग्लंडचा अनुभव हेच सांगतो. जनगणना, निवडणूक आणि नाना नोंदी भरण्यात ज्याचे दिवस जातात, त्याला रात्री जागून यंत्र शिका म्हणणे हा अन्याय होय. तसेच, एखाद्या तासाला यंत्र नको असे ठरविण्याचा अधिकार शिक्षकाला उघडपणे असला पाहिजे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला किंमत नसते. तो तपासनीस आला की यंत्र चालू करतो आणि पाठ फिरताच बंद करतो.

एक धोका येथे स्पष्ट बोलून ठेवणे आवश्यक आहे. यंत्र शिकवू शकते, मग दुर्गम गावी शिक्षक कशाला नेमावा, असा विचार काटकसरीच्या नावाखाली पुढे येऊ शकतो. सामोआत यंत्र कमी पडले नव्हते, वर्गातल्या माणसाला कमी लेखले गेले होते, हे त्या वेळी आठवावे. शहरातील मुलाला शिक्षक आणि यंत्र दोन्ही मिळतील, आणि पाड्यावरच्या मुलाच्या वाट्याला नुसते यंत्र येईल, अशी वाटणी झाली तर तिला प्रगती म्हणता येणार नाही. पंतोजीच्या गावात १८२६ साली पुस्तक पाठविताना त्याबरोबर माणूस पाठवावा, इतके शहाणपण त्या काळच्या लोकांना होते. ते आपणांत कमी असू नये.

तात्पर्य, शिक्षक नव्याला भितो हा आरोप इतिहासाने सिद्ध होत नाही. नवे साधन आधी आपल्या हाताने वापरावयास मिळाले, सोबत्यांशी बोलावयास मिळाले, चुकण्याची आणि नाकारण्याची मोकळीक मिळाली, तेथे खेड्यातील साध्या शिक्षकाने ते आपलेसे केले. ही मोकळीक देणे शाळा चालविणाऱ्यांच्या हाती आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या गावच्या शाळेत नवे यंत्र आले की नाही हे विचारण्याबरोबर, ते शिकावयास गुरुजींना आणि बाईंना दिवस किती दिलेत, हा प्रश्न पालकांनी व्यवस्थापकांना अवश्य विचारावा.